एक तास: 1 सप्टेंबर 1965

पहाटे साडेतीन

छांबच्या आघाडीवर पाकिस्तानी तोफा सुरू झाल्या, त्या दिवशी अर्जन सिंग यांना हवाई दलप्रमुख होऊन बरोब्बर तेरा महिने झाले होते. वय सेहेचाळीस. हुद्दा एअर मार्शलचा. एअर चीफ मार्शल हा वरचा हुद्दा त्यांना पुढे जानेवारी 1966 मध्ये मिळाला. तोवर आपल्या हवाई दलात तो कुणालाच मिळालेला नव्हता. आणि हवाई दल पूर्ण ताकदीनिशी लढाईत उतरवण्याची वेळही त्यांच्या आधीच्या कुठल्या भारतीय प्रमुखावर आली नव्हती. 1962 मध्ये चीनशी लढताना आपली लढाऊ विमानं तळावरच थांबली. मालवाहू विमानांनी जिवाचं रान केलं, पण बंदुकवाल्या विमानांना हुकूमच आला नाही. ती सल तीन वर्षांनंतरही साऊथ ब्लॉकच्या भिंतींत होती.

ऑगस्टभर काश्मीरमध्ये घुसखोर येत होते. त्याला उत्तर म्हणून आपल्या सैन्याने 28 ऑगस्टला हाजी पीरची खिंड घेतली. त्यावर पाकिस्तानचं प्रत्युत्तर म्हणजे छांब. इथून सरळ पूर्वेला गेलं की चिनाबवरचा अखनूरचा पूल. तो पूल हातचा गेला की राजौरी-पूंछच्या बाजूला असलेल्या आपल्या फौजेची रसद तुटली. डाव साधा होता आणि धोकादायक होता.

सकाळ

तोफांमागून रणगाडे आले. पाकिस्तानकडे पॅटनच्या दोन रेजिमेंट होत्या. समोर आपली 191 ब्रिगेड, आणि तिच्या दिमतीला 20 लान्सर्सचं एक स्क्वॉड्रन, तेही एएमएक्स-13 या हलक्या फ्रेंच रणगाड्यांचं. पॅटन चाळीस टनांहून जड, एएमएक्स पंधराच्या आतबाहेर. त्या मोजक्या रणगाड्यांनी सकाळी जी झुंज दिली तिच्यामुळेच दुपार उगवली, असं म्हणायला हरकत नाही. पण किती वेळ?

लढाईच्या दिवशी हवाई दलप्रमुखाच्या हाताला काम काय असतं? तो विमानात बसत नाही. कुठलं विमान कुठल्या धावपट्टीवरून उडणार हेही तो ठरवत नाही; पश्चिम विभागाची कमान तेव्हा एअर व्हाइस मार्शल राजाराम यांच्याकडे होती आणि तळाचं काम तळाचा कमांडर बघत होता. प्रमुखाचं काम म्हणजे योग्य क्षणी खरं बोलणं. आपल्याकडे काय आहे, ते किती वेळात पोहोचेल, त्याची किंमत काय पडेल, हे मंत्र्यांना दोन वाक्यांत सांगणं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण ती दोन वाक्यं बोलता यावीत म्हणून आधी पंचवीस-सव्वीस वर्षं विमानात घालवावी लागतात.

आणि या दिवशी त्यांच्या हातात आणखी एक गोष्ट नव्हती: परवानगी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झडल्या, तेव्हा पाकिस्तानचे हवाई दलप्रमुख असगर खान यांनी थेट अर्जन सिंग यांना फोन केला होता. दोघं फाळणीपूर्वीच्या एकाच हवाई दलातले. दोन्हीकडची लढाऊ विमानं या भांडणापासून दूर ठेवावीत असं ठरलं आणि ते पाळलंही गेलं. पण जुलैत असगर खान निवृत्त झाले, नूर खान त्यांच्या जागी आले, आणि छांब म्हणजे कच्छ नव्हतं. इथे विमानं उडवायची म्हणजे दोन देशांमधली लढाई उघडउघड वाढवायची. हा निर्णय कुठल्याही गणवेशातल्या माणसाच्या अखत्यारीत नव्हता, आणि तो नसावाच.

दुपार

छांबहून हवाई मदतीची मागणी निघाली ती दुपारच्या आत. ती लष्कराच्या साखळीतून एकेक पायरी चढत दिल्लीला आली. पुढे लष्करप्रमुख आणि हवाई दलप्रमुखांनी एकत्र बसायचं, मग संरक्षणमंत्री. तिकडे रणगाडे पुढे सरकत होते आणि इकडे कागद वर सरकत होता. 1 सप्टेंबरची गोष्ट सांगताना सगळे ‘तो एक तास’ सांगतात, मीही सांगणार आहे. पण त्या तासाआधी गेलेले तास जास्त महत्त्वाचे आहेत असं माझं ठाम मत आहे. छांबमध्ये असा हल्ला झाला तर हवाई दलाने काय करायचं, रणगाड्यावरचा माणूस आणि विमानातला माणूस एकमेकांशी बोलणार कसे, याची तयारी लष्कर आणि हवाई दलाने मिळून करून ठेवायला हवी होती. ती केलेली नव्हती. त्याचं मोल संध्याकाळी चुकतं करावं लागलं.

जमिनीवरच्या सैनिकाला वरून मदत करणं म्हणजे काय, हे मात्र अर्जन सिंग यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नव्हतं. त्यांची सगळी जडणघडण त्याच कामात झाली होती. जन्म 15 एप्रिल 1919 चा, ल्यालपूरचा, आजचं फैसलाबाद. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात असताना पोहण्यात नाव काढलं आणि एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडला क्रॅनवेलच्या रॉयल एअर फोर्स कॉलेजसाठी निवड झाली. डिसेंबर 1939 मध्ये ते वैमानिक अधिकारी झाले. परतल्यावर पहिली नेमणूक वायव्य सरहद्दीवर, दोन पंखांच्या जुनाट विमानांवर. तिथल्या डोंगरांत खालून झाडलेल्या रायफलच्या गोळीने त्यांना एकदा विमान जमिनीवर टेकवावं लागलं होतं. कमी उंचीवर उडणाऱ्या विमानाला साधी रायफलही पुरते, हा धडा त्यांना विशीतच मिळाला.

मग ब्रह्मदेश. 1944 च्या सुरुवातीला ते 1 नंबरच्या स्क्वॉड्रनचे प्रमुख म्हणून हरिकेन विमानं घेऊन इंफाळला गेले आणि पुढच्या काही आठवड्यांत जपान्यांनी इंफाळला वेढा घातला. या स्क्वॉड्रनचं काम दिमाखाचं नव्हतं. जंगलावरून खालून खालून उडायचं, जपानी तुकड्या कुठे आहेत, कुठला रस्ता, कुठला पूल वापरतात ते डोळ्यांनी बघायचं, परत येऊन लष्कराला सांगायचं, आणि दिसलेल्यावर मारा करायचा. खाली आपले, खाली शत्रू, मध्ये झाडी, आणि निर्णय घ्यायला हातात काही सेकंद. हे त्यांनी महिनोन्‌महिने केलं. माउंटबॅटन यांनी इंफाळलाच त्यांच्या छातीवर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस लावला. वय होतं पंचवीस.

पुढची चढण भराभर झाली. 15 ऑगस्ट 1947 ला लाल किल्ल्यावरून शंभरावर विमानांनी सलामी दिली, तिचं नेतृत्व अर्जन सिंग यांचं. तिशीतच एअर कमोडोर. लढाऊ विभागाची कमान दोनदा. 1962 नंतर उपप्रमुख. पण मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: टेबलापाशी पोहोचल्यावरही त्यांनी विमान सोडलं नाही. प्रमुख झाल्यावरसुद्धा ते स्वतः विमान चालवत राहिले. साठाच्या आसपास प्रकारची विमानं त्यांनी हाताळली, दोन पंखांच्या वापितीपासून जेटपर्यंत. त्यामुळे पठाणकोटला उभ्या असलेल्या विमानांची नावं त्यांच्यासाठी नुसती यादी नव्हती. कुठलं विमान काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं.

दुपारी चार

साऊथ ब्लॉक, संरक्षणमंत्र्यांचं दालन. खुर्चीत यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्र्याचा हा माणूस नोव्हेंबर 1962 मध्ये मुंबईहून दिल्लीला आला, तोच मुळी हरलेल्या सैन्याला पुन्हा उभं करायला. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपल्याकडे तेव्हापासून म्हणतात. तीन वर्षं त्यांनी सैन्याची भरती, हत्यारं, मनोधैर्य यांवर घालवली होती. ते रोजनिशी लिहीत. त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी पुढे या युद्धाच्या दिवसांची रोजनिशी पुस्तकरूपाने आणली.

लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी यांनी परिस्थिती मांडली. छांबची फळी टिकत नव्हती. संध्याकाळपर्यंत वरून मदत मिळाली नाही तर अखनूरचा रस्ता मोकळा होणार होता. अर्जन सिंग यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हवाई दल तयार आहे, पण दिवसाचा उजेड संपत चाललाय; जायचं तर आत्ता.

रीतीने बघायला गेलं तर हा विषय पंतप्रधानांपुढे जायला हवा होता. चव्हाणांपुढे 1962 होतं, जेव्हा ‘वर विचारू’ म्हणता म्हणता वेळ निघून गेली. त्यांनी काही मिनिटांत परवानगी दिली, स्वतःच्या जबाबदारीवर, आणि लालबहादूर शास्त्रींना नंतर कळवलं. मराठी वाचकाला यशवंतराव जुळवून घेणारे, मोजून बोलणारे म्हणून माहीत आहेत. त्या दुपारी त्यांनी मोजण्यात वेळ घालवला नाही. शास्त्रींनी मागाहून निर्णय उचलून धरला, ही झाली पुढची गोष्ट; दालनात बसलेल्या माणसाला ती आधी ठाऊक नव्हती.

किती वेळात विमानं पोहोचतील, या प्रश्नाला अर्जन सिंग यांनी एक तास, असं उत्तर दिलं.

हे उत्तर धीराचं म्हणून सांगितलं जातं, आणि ते होतंच. पण त्यात आणखी काय काय भरलेलं होतं ते बघायला हवं. पठाणकोटला कुठल्या विमानांत इंधन आहे, कुठल्यांवर रॉकेटं चढलेली आहेत, वैमानिक कुठे बसलेत, तिथून छांबला किती मिनिटं लागतात, सूर्य कधी मावळतो, हे सगळं त्या दोन शब्दांत होतं. शिवाय त्यात न बोललेलं एक वाक्यही होतं. जवळ जी विमानं तयार होती त्यांतली निम्म्याहून अधिक जुन्या व्हँपायर जातीची नव्हती, पण पहिली जाणार होती ती व्हँपायरच.

पाच वाजून एकोणीस मिनिटं

पठाणकोटच्या धावपट्टीवरून पहिली चार व्हँपायर उडाली. 45 नंबरचं स्क्वॉड्रन, पुढे स्क्वॉड्रन लीडर दहार. सूर्यास्ताला जेमतेम दीड तास उरला होता. दिलेला शब्द पाळला गेला होता.

व्हँपायर जवळून बघितलं की माणूस गप्प होतो. जेट विमान, पण वैमानिक जिथे बसतो तो पुढचा सगळा भाग लाकडाचा: प्लायवूडचे दोन थर आणि मध्ये बाल्सा. आपण घरात कपाटाला वापरतो त्याच जातीचं सामान, नीट घडवून, रंगवून, कापडाने मढवलेलं. मागे दोन धातूच्या दांड्या आणि त्यांना जोडणारी शेपटी. नाकाखाली 20 मिलीमीटरच्या चार तोफा. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने ही विमानं परवान्यावर बांधली होती आणि 1948 मध्ये जेट युगात पाऊल टाकताना आपल्याला त्यांचा केवढा अभिमान होता! पण या विमानाने पहिलं उड्डाण केलं होतं 1943 मध्ये, म्हणजे अर्जन सिंग हरिकेन उडवत होते त्या काळात. एका आसनाच्या व्हँपायरमध्ये वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्चीही नव्हती. विमान पेटलं तर वरचं झाकण सरकवायचं, पट्टे सोडायचे आणि अंगबळाने बाहेर पडायचं. तेही जमिनीपासून शे-दोनशे मीटरवर, रणगाडे शोधत असताना.

छांब तिथून हवाई मार्गाने सुमारे 130 किलोमीटर. दहा-बारा मिनिटांचा पल्ला.

साडेपाच ते पावणेसात

खाली सगळा धूर आणि धूळ. लढाई सकाळपासून इतकी सरकली होती की नकाशावरची रेघ आणि जमिनीवरची रेघ यांचा मेळ राहिला नव्हता. जमिनीवरून वैमानिकांना वाट दाखवणारं कुणी नव्हतं. ताशी सहाशे-सातशे किलोमीटरच्या वेगात, तिरप्या उन्हात, धुळीच्या पडद्यातून एएमएक्स आणि पॅटन वेगळे ओळखायचे होते. पहिल्या चार व्हँपायरमागून आणखी चार, मग आणखी चार. नंतर फ्रेंच बनावटीची मिस्टेअर, तीही तुकड्यातुकड्यांनी. अंधार पडेपर्यंत 12 व्हँपायर आणि 14 मिस्टेअर, मिळून 26 विमानं त्या पट्ट्यावर जाऊन आली.

त्यांनी पाकिस्तानी रणगाडे आणि गाड्या फोडल्या. आणि त्यांनी आपल्याही लोकांवर मारा केला. आपले काही रणगाडे, दारूगोळ्याची वाहनं आपल्याच विमानांच्या रॉकेटांनी जळाली. दिवसभर पॅटनला तोंड देऊन जगलेली माणसं संध्याकाळी आपलं विमान बघून हात हलवत असतील आणि तेच विमान त्यांच्यावर सूर मारत असेल, या कल्पनेने आजही पोटात गोळा येतो. यात एकट्या वैमानिकाला दोष देता येणार नाही. ज्या तयारीबद्दल मघाशी लिहिलं, ती नव्हती, त्याचा हा थेट परिणाम.

तोवर पाकिस्तानी सेबर आली. सेबर व्हँपायरपेक्षा ताशी दोनेकशे किलोमीटरने वेगवान, सहा मशीनगनची, कोरियाच्या युद्धात तावूनसुलाखून निघालेली. स्क्वॉड्रन लीडर सरफराज रफिकी आणि फ्लाइट लेफ्टनंट इम्तियाज भट्टी हे दोन सेबर घेऊन खाली उतरले. खाली बघत रणगाडे शोधणाऱ्या व्हँपायरला सेबरशी वळणावळणाची लढत देता येईल, ही आशा उडण्याआधीच संपलेली होती.

संध्याकाळी सात

चार व्हँपायर परत आली नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट ए. के. भागवागर, फ्लाइट लेफ्टनंट व्ही. एम. जोशी, फ्लाइट लेफ्टनंट एस. भारद्वाज हे तिघे गेले. चौथे वैमानिक विमानातून बाहेर पडले आणि सुखरूप राहिले. 1965 च्या युद्धात आपल्या हवाई दलाचे पहिले बळी हे तिघे. युद्धाच्या आठवणी निघतात तेव्हा प्रमुखाचं आणि मंत्र्याचं नाव निघतं, त्या ‘एका तासा’चं कौतुक होतं, आणि ही तीन नावं बहुतेक वेळा राहून जातात. ती राहू नयेत म्हणून इथे लिहिली.

मग अर्जन सिंग चुकले का? मला तसं वाटत नाही. सकाळपर्यंत थांबलो असतो तर चांगली विमानं, चांगली तयारी, हे खरं. पण रात्रीतून पॅटन अखनूरच्या किती जवळ पोहोचले असते? त्या संध्याकाळी पाकिस्तानी आगेकूच मंदावली. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने भर लढाईत सेनापती बदलला. अख्तर मलिक यांची जागा याह्या खान यांनी घेतली, त्यात त्यांचा आणखी वेळ गेला. अखनूरचा पूल आपल्याकडेच राहिला. यातलं श्रेय हवाई दलाचं किती, एएमएक्सवाल्यांचं किती, याह्या खानांचं किती, याचे वाद अभ्यासक घालतात आणि घालत राहोत. पण जमिनीवर माणसं मरत असताना हवाई दल धावपट्टीवर उभं राहिलं, असं दुसऱ्यांदा घडलं नाही. इंफाळच्या जंगलावर वर्षाचा बराच भाग घालवलेल्या माणसाकडून तसं होणं शक्यही नव्हतं. वरून येणाऱ्या विमानाची वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांनी खालच्या सैनिकांकडून ऐकलेलं होतं.

रात्र

प्रमुखाच्या दिवसाचा सगळ्यांत अवघड भाग विमानं परतल्यावर सुरू होतो. जे गेले त्यांच्या घरी तार जाते. जे आले ते काय पाहिलं ते सांगतात. आणि मग ठरवावं लागतं की उद्या काय वेगळं करायचं. व्हँपायर आघाडीवरून मागे घेण्यात आली. ज्या विमानावर वैमानिकांची अख्खी पिढी जेट शिकली, ते एका संध्याकाळी लढाईतून बाद झालं. पर्याय म्हणून पठाणकोटला आणायची होती नॅट, अंबाल्याच्या 23 नंबर स्क्वॉड्रनमधली. नॅट एवढंसं, सेबरच्या बंदुकीच्या चौकटीत चटकन न सापडणारं, चढाईत सेबरला भारी.

ती आली, आणि डावही बदलला. 3 सप्टेंबरला सकाळी पठाणकोटहून चार मिस्टेअर मुद्दाम उंचावरून छांबकडे निघाली, पाकिस्तानी रडारला ती दिसावीत म्हणून. त्यांच्यामागे नॅट जमिनीला लागून उडत होती, रडारला न दिसता. मिस्टेअर हेरून सेबर वर आली तेव्हा मिस्टेअर खाली वळून घरी निघाली, आणि सेबरच्या पुढ्यात नॅट उभी राहिली. स्क्वॉड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी त्यांतल्या एका सेबरवर गोळ्या बसवल्या. त्या लढतीबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. त्या सकाळी पठाणकोटहून छांबकडे गेलेल्यांत एकही व्हँपायर नव्हतं.